आठ वाजता गॅसपाशी कोण

मी चौथी शिकलेला माणूस. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं पॉलिश मारलं. आमच्या लाइनीत एक रीत होती. एखादा दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या दारात जायचं. आजारी असला तर विचारपूस, नाटक असलं तर शिव्या.

मुलगा जहाजावर. घरात मी, बायको आणि सून. सून नोकरी सांभाळून कम्प्युटरवर मानसशास्त्राचा कोर्स करत होती. त्यासाठी मागे लागली होती ती माझी बायको. "तू शीक, गॅस मी बघते," म्हणाली, आणि बघितलाही. श्रावणात ती गेली.

दोन महिन्यांनी सून म्हणाली, "बाबा, कोर्स सोडतेय मी."

"का?"

"चौघांनी मिळून प्रोजेक्ट द्यायचाय शनिवारी. माझ्या जोडीला जी बाई दिलीय ती काही पाठवत नाही, फोन उचलत नाही. जाऊ दे."

जाऊ दे कसं? बायकोने सुरू करून दिलेलं काम असं अर्ध्यावर टाकायचं? ती बाई मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायची. एकदा पुस्तक न्यायला आली होती, तेव्हा मीच तिला रिक्षाने घरापर्यंत सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सुनेला न सांगता निघालो.

दार उघडताच सुरू झालो. "काय हो, माझ्या सुनेचं काम का अडवलंत?"

बाईचे हात पिठाचे. "मी अडवलं? आधी आत या, काका. ग्रुप रोज आठला कम्प्युटरवर जमतो. आम्ही तिघं असतो, तुमची सून नसते. दोघींचा भाग एकटीने लिहू? शेवटी माझंही डोकं फिरलं. नाही घेतला फोन."

"आठला ती कामात असते."

"कसल्या?"

"पोळ्या करते."

"आणि तुम्ही काय करता?"

मी खिडकीपाशी खुर्चीत बसलेला असायचो. बायकोचे डबे बघवत नाहीत म्हणून स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हतो. पाणीसुद्धा सुनेकडून मागवायचो. लाइनीतून गैरहजर मीच, आणि शिव्या घालायला आलो होतो दुसऱ्याच्या दारात.

"आज येईल ती," एवढंच म्हणालो.

"बघू हं, काका!"

संध्याकाळी बायकोचा डाळीचा डबा काढला. झाकण घट्ट. तिच्या हातून ते एका झटक्यात निघायचं. मी तो पोटाशी धरला, जोर लावून उघडला.

सून आली, पदर खोचून पोळपाट घ्यायला लागली.

"ठेव ते. कम्प्युटरपाशी जा."

"बाबा, तुम्हाला जमणार नाही."

"नाही जमलं तर करपलेलं खाऊ."

डाळ करपलीच. भात गिच्च. आतून सुनेचं आणि ग्रुपचं बोलणं ऐकू येत होतं, मधेच हसणं. दोघं जेवलो, टाकलं काही नाही.

शनिवारी त्यांनी प्रोजेक्ट देऊन टाकला. सोमवारी आठ वाजता मी पुन्हा गॅसपाशी उभा होतो. या वेळी आच कमी ठेवली.