दोन हजर, नऊ गैरहजर

उत्तर लवकर आलं की आमचे सर खडू खाली ठेवायचे. रुमालानं बोटं पुसत म्हणायचे, ‘बसा. लई घाई झाली.’ हुशार मुलांना हे वर्षातून दहादा तरी ऐकावं लागे आणि मग ती माझ्याकडे तक्रार घेऊन येत.

उस्मानपुऱ्यातल्या अध्यापक विद्यालयात सर आणि मी शेजारशेजारच्या वर्गांत शिकवायचो. त्याआधी सर कन्नडकडे केंद्रप्रमुख होते; दहाबारा खेड्यांतल्या शाळा तपासायचे. कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत मिसळण्याचा धडा आला की मी परिपत्रक वाचून मोकळा होई. सर मात्र पिशोरजवळच्या एका वस्तीशाळेच्या हजेरीचं पान तारखेसकट फळ्यावर उतरवत. पट अकरा, हजर दोन. ‘तुम्ही तपासायला गेलात. काय शेरा माराल?’

सगळे म्हणत, बंद करा.

‘बसा. लई घाई झाली.’

पुढं एक अक्षर सांगत नसत. ‘पोरांना छळता कशाला?’ म्हणून मी त्यांची थट्टाही करायचो.

एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी उठली. तेव्हा मी हजेरीपट मागायला दारात उभा होतो.

‘सर, हे पान दिवाळीनंतरचं हाय ना? तवा आमच्या वस्त्या मेंढरं घेऊन चारणीला जात्यात. पावसाळ्यातलं पान दाखवा.’

सरांनी फळ्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

‘तेच बघायचं राहिलं, बाई. तो शेरा माझाच हाय.’

‘मग शाळा?’

‘मोठ्या शाळेत मिसळली. माणसं परत आली तर दाराला कुलूप. पोरं सायकलीवर जाऊ लागली. पोरी नाय गेल्या. मी मागनं अर्ज केले लई, पण एकदा मिसळलेली शाळा कुणी वेगळी करत नाय.’

मी हजेरीपट न मागताच परतलो. आपण या माणसाची थट्टा करत होतो, याची मला लाज वाटली.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाला शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. त्यांनी किती शिक्षक घडवले ते प्रत्येकानं सांगितलं. शेवटी सर उठले. शाल काढून खुर्चीवर ठेवली.

‘मी एक चालती शाळा बंद केली, हे कुणीच बोललं नाय,’ एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, आम्हाला कुणालाच कळेना.