काळीची घंटी

माणसं वाजवून निघून जातात, किस्से मात्र आमच्या खोलीतच राहतात. लोहाऱ्यात माझ्या मित्राच्या, दत्ताच्या घरची मागची खोली, एक माईक, एक लॅपटॉप, एवढाच आमचा स्टुडिओ. दुपारी तिथं बसलं की जुने आवाज डोक्यात तरंगत येतात आणि चहा गार होतो.

*

खोलीत आवाज फार घुमायचा. दत्ता म्हणाला, "फोम कशाला? कडबा हाय की." भिंतींना पेंढ्या लावल्या. आवाज इतका मऊ झाला की आम्हीच हळू बोलायला लागलो. दुसऱ्या दिवशी दार उघडं राहिलं आणि म्हशीनं अर्धा स्टुडिओ खाल्ला!

*

मग जुन्या गोधड्या-वाकळा टांगल्या. एक रिटायर गुरुजी पेटी घेऊन आले. "काय शांत हाय हो इथं," म्हणत त्यांनी सूर धरला, डोळे मिटले आणि बसल्या बसल्या घोरू लागले. उठवायचं जिवावर आलं. रेकॉर्डिंग ऐकून दत्ता म्हणाला, "गुरुजी झोपेत बी पट्टी सोडत न्हाईत."

*

शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी प्रत्येक टेकमध्ये. विनवणी करायला गेलो तर म्हणाल्या, "तुमचं भजन आमच्या डाळीत येतंय, आमी काय म्हणतो का?"

*

दत्ताचे चुलते म्हाळाप्पा आण्णा मेंढरं राखायचे. गुडघे गेले, कळप विकायचं ठरलं. संध्याकाळी मेंढरं वाडग्यात, काटेरी कुंपणाच्या आत, बोलावताना ते पावा वाजवत, आणि शेवटचं मेंढरू आत आल्याशिवाय कवाड लावत नसत. तो पावा त्यांना कळप जायच्या आत रेकॉर्ड करून हवा होता.

खोलीत एक सूर निघेना. "इथं कुणाला बोलावू? तुमाला?"

मग माईक माळावरच्या वाडग्यापाशी नेला. माकणीच्या धरणाकडून वारा सुटलेला, म्हणून माईकला घोंगडीचा तुकडा गुंडाळला. उन्हं तिरपी झाली, पावा वाजला आणि चारी बाजूंनी घंट्या जवळ येऊ लागल्या. तो आवाज मला अजून स्वप्नात येतो.

*

कळप गेला. पुढं एका दुपारी आण्णांना हेडफोन लावून ते ऐकवलं. डोळे मिटून ऐकत राहिले. संपलं तरी हेडफोन काढेनात. मला वाटलं, आवडलं.

"काळी आली न्हाय," आण्णा म्हणाले.

"कोण काळी?"

"लंगडती ती. लई मागं ऱ्हाती."

पावा थांबला तिथंच मी रेकॉर्डिंग कापलं होतं. कापलेला तुकडा शोधून परत जोडला आणि आम्हीही एकेक हेडफोन लावला. पावा थांबला. घंट्या थांबल्या. नुसता वारा. आण्णांनी हात वर करून आम्हाला गप्प बसवलं. मग लांबून एकच घंटी आली, अडखळत, थांबत.

आण्णांनी हेडफोन काढला आणि दत्ताला म्हणाले, "व्हय. आता लाव कवाड."