अंगुस्तानाची टक

साऱ्या गल्लीत तिला काजवाली म्हणत. तीस वर्षं शिंप्यांच्या शर्टांना काजं करून तिची उजवी तर्जनी वाकली होती. पण काज असं, की बटण आत गेलं की घरी आल्यासारखं बसावं.

तिची लेक नर्स. जर्मन भाषेची परीक्षा पास झाली की परदेशातल्या इस्पितळात नोकरी पक्की होती. बाकी सगळं जमलं. घोडं अडलं ते भूतकाळात.

“काही क्रियापदं गरीब असतात गं आई, मागे शेपूट लावलं की मुकाट भूतकाळात जातात. ही दणकट मात्र शेपूट लावूनच घेत नाहीत. पोटातला स्वर बदलतात. दीडशेच्या वर आहेत, पाठच करायची.”

“म्हणजे तुझी आत्याच की! वरून काही चिकटवून घेणार नाही, पण आतून कधी फिरेल त्याचा नेम नाही.”

आठ महिने रोज दुपारी लेक घोकायची, आई काजं करायची. गेहेन, गिंग, गेगांगेन. झिंगेन, झांग, गेझुंगेन. ती लिपी कशाशी खातात हे काजवालीला ठाऊक नव्हतं. अर्थही तिने कधी विचारले नाहीत. पण कान तयार झाला. लेक चुकली की ती सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान मेजावर आपटायची. टक. लेक मागे फिरायची.

परीक्षेच्या आदल्या दुपारी लेक म्हणाली, “हेल्फेन, हेल्फ्टे...”

टक आली नाही.

लेक पुढे गेली. एक क्रियापद, दुसरं, तिसरं. काजवाली हातातल्या काजाकडे पाहत होती. नापास झाली तर काय आभाळ कोसळणार होतं? समोरची खुर्ची भरलेली राहिली असती, इतकंच. दोरा गुंडाळून गुंडाळून तिच्या बोटाचं टोक पांढरं पडलं.

टक.

“मागे जा. हेल्फेन, हाल्फ.”

“अगं, ते केव्हाच होऊन गेलं! तेव्हाच का नाही टोकलंस?”

“सुई हरवली होती.”

लेकीने पाहिलं. सुई आईच्या चिमटीत होती, दोरा ओवलेला. ती खुर्ची ओढून आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि पहिल्यापासून म्हणू लागली.

काजवालीने शर्ट बाजूला सारला आणि कपाटातून लेकीसाठी शिवलेला जाड कोट काढला. काजं महिन्यापूर्वीच झाली होती. बटणं लावायला मात्र तिला सवड होत नव्हती.

आज झाली.