पहिल्या दळणाचं पीठ

"पदर पसर," मालकीणबाई म्हणाल्या. मी पसरला. त्यांनी ओट्यावरनं, हात लांब करून, वरनं पीठ ओतलं. अर्धं माझ्या तोंडावर उडालं. आतल्या पोरी हसल्या. "बघा बघा, टाकीवाली गोरी झाली!"

खालापुराजवळच्या एका खोताचं ते घर. लढाईची सालं, धान्य रेशनवर. माझा धंदा जात्याला टाकी लावायचा. जातं गुळगुळीत झालं की दळत नाय, मंग छिन्नी-हातोडीनं दगडाला टोचे मारायचे. मी घरात जाऊ नये म्हणून गड्यांनी जातं अंगणात आणलं होतं. काम झाल्यावर मालकीणबाईंनी त्यावर पाणी शिंपडलं, हळद-कुंकू लावलं, हात जोडले. जातं म्हंजे अन्नपूर्णा. आयनं मलाबी तेच शिकवलेलं. पहिला घाव घालायच्या आधी पाया पड. मी रोज पडायचे. मंग देवी तीच, आणि माझाच हात बाटका कसा? हा सवाल तवा डोक्यात आलाच नाय. खोटं कशाला सांगू.

मजुरी दोन शेर नाचणी ठरली होती. मिळालं ते पहिल्या दळणाचं पीठ. टाकी लावल्यावर पहिल्या पिठात दगडाची कच येते. ते कुणी खात नाय, गुरांनाबी घालत नाय. त्यांना ठावं होतं. मलाबी ठावं होतं. तरी मी कपाळाला हात लावून म्हणाले, "देवी तुमचं भलं करो." जळलं माझं तोंड!

इथवर मी बिचारी. पुढचं ऐका.

कशेळ्याच्या बाजारात ठाकरवाडीचा एक गडी मध विकायचा. सगळा मुलूख मला टाकीवाली म्हणायचा. यानं एकट्यानं विचारलं, "तुजं नाव काय गं?" बस्स. मी गेले कामातनं. लगीन करायचं दोघांच्या मनात होतं. पीठ मिळालं त्या आठवड्याच्या बाजाराला त्याची आय एकटीच आली, कंद घेऊन. मी ते पीठ देऊन कंद घेतले. तिनं पीठ चिमटीत धरूनबी बघितलं नाय. "तुजं पीठ काय बघायचं गं, पोरी?"

आणि माझ्या मनात काय आलं? डोंगरातली माणसं, त्यांना काय कळतंय! माझ्या होणाऱ्या सासूबद्दल हे आलं.

पुढल्या बाजाराला तो आला. "आयचा दात तुटला भाकरीनं. तुला ठावं होतं गं?"

"नाय," मी म्हणाले.

विश्वास ठेवला मेल्यानं! मधाची कुपी देऊन गेला. ती कुपी मी उघडलीच नाय.

शिमग्याच्या सुमाराला खोताकडनं परत बोलावणं आलं. तवा लगीन ठरत आलं होतं. मी टाकी लावली. मालकीणबाई तेच पीठ घेऊन ओट्यावर उभ्या. "पदर पसर."

मी पदर कमरेला खोचला. "बाई, आधी ह्याची एक भाकर तुमी खा. मंग मी नेते."

"जीभ फार चालायला लागली गं तुझी!"

खोत नुकतेच स्वराज्याच्या सभेवरनं आलेले, अंगावर खादी. ते एवढंच म्हणाले, "हाकला हिला." त्या गावात मला पुन्हा काम मिळालं नाय. नाय तर नाय.

पण खोतिणीला बोलणं सोपं होतं. ती माझी कोण लागत होती? दुसऱ्या दिवशी मी ठाकरवाडी चढले. मायलेक दारातच बसले होते.

"मला ठावं होतं," मी म्हणाले.

म्हातारी गालावर हात ठेवून उठली आणि आत गेली. तो म्हणाला, "जा गं आता." लगीन तिथंच मोडलं. त्याचा काय दोष? मी माझ्याच हातानं मोडलं.

आता कुठंबी टाकी लावली की पहिलं पीठ मी तिथल्याच अंगणात मातीत कालवते. बाया ओरडतात, ओरडू देत. ते पीठ मी खाणार नाय आणि माझ्यापेक्षा गरिबाच्या पदरात तर घालणारच नाय. म्हातारीची माफी मी मागितली नाय. मागणारबी नाय. तिनं माफ केलं तर मी विसरून जाईन, आणि मला विसरायचं नाय.