पट्टी झाकून पाहिलेले डाव

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिंडीच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलापाशी उभी होते. फोन त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या सेल्वीचा. तिचं तमिळ मला एरवी अर्धंच कळतं, त्या दुपारी सगळं कळलं. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी नुसती ‘सरी, सरी’, म्हणजे बरं, बरं, म्हणत राहिले, आणि फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो असा, की आज तर मी त्यांना सांगणार होते... याला आता महिना होऊन गेला. तो विचार काही जागचा हललेला नाही.

सेतुमाधवराव माझे घरमालक. मैलापुरात, देवळाच्या तलावामागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर. खाली ते एकटे, वर मी एकटी. त्यांचं घराणं तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच वाढलेलं, त्यामुळे त्यांचं मराठी जुन्या पत्रांतल्यासारखं, वर तमिळ हेल. मी नाशिकची, नोकरीसाठी तीन वर्षांपूर्वी इथं आलेली. दिवसभर कामावर इंग्रजी, रस्त्यावर मोडकंतोडकं तमिळ, आणि संध्याकाळी खोलीत शिरलं की तोंडाला कुलूप. वडीलधाऱ्या पुरुषाला इथं सगळेच मामा म्हणतात, तशी मीही म्हणायची. पण ते खरोखर माझे मामा झाले बुद्धिबळामुळे. एकदा जिना चढताना माझ्या फोनवर कुठल्याशा ग्रँडमास्टरांच्या डावाचं थेट प्रक्षेपण चालू होतं. त्यांनी ते दारातून ऐकलं. “आंत ये गे,” म्हणाले, “एकटी पाहून काय मजा?” त्यानंतर ज्या संध्याकाळी डाव असेल त्या संध्याकाळी मी खालीच असायची.

युरोपातले डाव आपल्याकडे दिवेलागणीला सुरू होतात. स्टुलावर माझा लॅपटॉप, आमच्या मधे त्यांचा लाकडी पट. पडद्यावर चाल आली की मामा ती पटावर करायचे. एखादा ग्रँडमास्टर विचारात बुडाला की खरं काम सुरू. त्याच्या जागी आपण असतो तर काय खेळलो असतो, ते दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालायची आणि आपापल्या कॉफीच्या टंबलरखाली ठेवायची. त्याची चाल आल्याशिवाय चिठ्ठी उघडायची नाही. पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी असते, कोण वरचढ आहे ते संगणक तिच्यात दाखवत राहतो. मामांनी पहिल्याच दिवशी औषधाच्या डब्यातला चिकटपट्टीचा तुकडा काढून तिच्यावर डकवला. “उत्तर पाहून गणित सोडवायचं काय?” म्हणाले. त्यांची चाल एका संध्याकाळी दोन-तीनदा तरी बरोबर यायची, माझी आठवड्यातून एकदा. माझी चिठ्ठी वाचून ते खो-खो हसायचे. “तुझा वजीर कोठ चालला? देवदर्शनास?” दिवसभरात माझी कुणी इतक्या प्रेमानं टर उडवत नव्हतं.

एकदा कामावर साहेबांनी चारचौघांत माझी हजेरी घेतली होती. मी नाक लाल करून घरी आले आणि तशीच खाली जाऊन बसले. डाव रंगात आला होता. पांढऱ्यावर चहूकडून हल्ला, आणि पांढऱ्याचा खेळाडू अर्धा तास डोकं धरून बसलेला. मामा कॉफी करायला आत गेले. आणि मी... फोनवर ती परिस्थिती संगणकाला घातली. तो म्हणाला, राजा एक घर सरकवून कोपऱ्यात ठेवा. ना शह, ना मारामारी. मला सात जन्मांत सुचलं नसतं. मी तेच चिठ्ठीवर लिहिलं. मामांनी घोड्याचा शह लिहिला होता. थोड्या वेळानं पडद्यावरचा राजा गुपचूप कोपऱ्यात सरकला. मामांनी माझी चिठ्ठी उघडली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

“हे तुज कसं दिसलं?”

“असंच... वाटलं.”

ते उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. “मज पन्नास वर्षांत असं दिसलं नाहीं गे.” मी हरभऱ्याच्या झाडावर चढले ती उतरलेच नाही. पुढच्या डावातही फोन पाहिला, त्याच्या पुढच्याही. रोज एकच, तीही अवघडशी चाल. चोर होते, पण बेताची. मामा शेजाऱ्यांना सांगत सुटले, वरच्या पोरीला काय डोकं आहे म्हणून. मला फार बरं वाटायचं. हे लिहायची लाज वाटते, पण बरं वाटायचं.

मग त्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. आधी खाडाखोड दिसू लागली, मग नुसती कोरी घडी. एके दिवशी कागदच घेतला नाही. “तूंच लिही. मी मोहरे हलवतों.” हसणंही थांबलं, कारण हसायला माझी चूक लागायची आणि ती आता व्हायची नाही. मला हे दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणणं म्हणजे आणखी एक लबाडी. पण सांगितलं तर हे दार बंद होईल, मग संध्याकाळी मी जाऊ कुठं, ही भीती इतकी मोठी होती की उद्या, परवा करत राहिले. शेवटी एका रात्री निश्चय केला, आणि दुसऱ्या दिवशी सेल्वीचा फोन आला.

गेल्या शनिवारी त्यांची मुलगी, सुधाक्का, बेंगळुरूहून घर आवरायला आली. मला खाली बोलावून म्हणाली, “अप्पा डाव कसा पाहात होते, मज दाखव.” मी पट मांडला, लॅपटॉप लावला. ती धोतरांच्या घड्या घालत पाहत होती. मधेच म्हणाली, “अप्पास डॉक्टरकडं नेलं होतं, तुज ठाऊक? मेमरी टेस्ट. त्यांनीच हट्ट धरला. वरची पोर पाहते ते मज दिसत नाहीं, माझं डोकं चाललं, म्हणाले. डॉक्टर म्हणाला, सगळं नॉर्मल. तर ऑटोत बसून अप्पा म्हणतात, त्या डॉक्टरास बुद्धिबळ कोठ येतं?”

ती हसली. मला हसता आलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या चिठ्ठीपासून. तिच्या हातातली घडी थांबली.

“त्यांस सांगायचं होतंस गे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “तीन दिवस बोलले नसते तुझ्याशी. अम्माशी भांडले तरी तितकंच, तीन दिवस. चौथ्या दिवशीं कॉफीस बोलावलं असतं.”

ती उरलेले कपडे घेऊन आत गेली. पडद्यावर कुणी ग्रँडमास्टर विचार करत होता. मी कागद घेतला, माझी स्वतःची चाल लिहिली, घडी घातली. वीस मिनिटांनी त्याची चाल आली. माझी साफ चुकली होती, वजीर भलतीकडेच गेला होता. मी चिठ्ठी उघडून समोरच्या खुर्चीपुढे ठेवली आणि बसून राहिले. तीन दिवसांचा अबोला... एवढ्यालाच मी घाबरले होते.