मुंडण

माझी सून कॉलेजात शिकवते. काल एक मुलगा आमच्या घराच्या उंबऱ्याबाहेरच थांबला आणि त्याने टोपी काढली. मुंडण केलेलं होतं.

"मॅडम, वडील गेले. हजेरी कमी पडतेय, परीक्षेला बसू द्या."

"मृत्यूचा दाखला आण."

"अजून मिळाला नाही."

"मग जमणार नाही."

गेल्या वर्षी एकाने असंच डोकं भादरून तिला फसवलं होतं. त्याचा बाप नंतर निकाल विचारायला आला. तिचा मला राग नाही. पूर्वी मुंडण दिसलं की लोक आवाज खाली करायचे. एका लबाडाने तेवढंही संपवलं.

जाताना मुलगा माझ्या पाया पडायला वाकला आणि मध्येच मागे सरला. सुतकात पाया पडत नाहीत. ढोंग करणाऱ्याला हे सुचलं नसतं.

सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "आई, हे मी कॉलेजात कुणाला दाखवू?"