चुंबकापासून हातभर

दारव्ह्यात स्पीकर दुरुस्त करणारा हिरासिंग गेल्या उन्हाळ्यात बाजारात चक्कर येऊन पडला. यवतमाळला नेलं, तर हृदयाचे ठोके फार मंद झालेले. डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला आणि घरी सोडताना बजावलं, "चुंबक छातीपासून हातभर लांब ठेवायचं."

हिरासिंगच्या दुकानात चुंबकाशिवाय दुसरं होतं काय?

मग त्याची बायको जमनी टेबलावर बसू लागली. तो दाराबाहेरून सांगायचा, ती पेचकस चालवायची. साधे स्पीकर तिला जमू लागले. पण पोळा झाल्यावर गाण्याचा क्लास घेणारे धम्मरत्न सर दाराएवढे दोन चपटे स्पीकर घेऊन आले. आत नेहमीचा गोल कागदी पडदा नव्हता. चौकटीत ताणलेली पातळ फिल्म, तिच्यावर चिकटवलेली तार, आणि मागे पत्र्यावर चुंबकाच्या पट्ट्यांच्या रांगाच रांगा.

"खालचा सूर लागला की यातला एक झणझणते," सर म्हणाले.

हिरासिंग दोन पावलं मागे सरकला. "वापस न्या, सर."

"राहू द्या, मी पाह्यतो," जमनी म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "तुमी रस्त्यापलीकडं उभे राहा. कान तेवढा इकडं ठेवा."

तो समोरच्या पानठेल्यापाशी जाऊन उभा राहिला. जमनीनं मोबाइलवरून एकेक सूर वाजवला. त्यानं हातवारे केले तसे तिनं चौकटीचे ढिले स्क्रू आवळले. झणझण कमी झाली, गेली नाही. मग स्पीकर आडवा टाकून तिनं मागची बाजू उघडली. एका पट्टीचा गोंद वाळून सुटला होता. तिनं ती बोटानं उचलून पाहिली, तशी पट्टी खट्‌कन शेजारच्या पट्टीवर झेपावली. मधे तिचं बोट.

"याडी वो!" ती आईच्या नावानं किंचाळली.

हिरासिंग धावत आला. स्पीकरवर ओणवा होऊन त्यानं दोन्ही हातांनी पट्टी ओढून काढली. नख काळंनिळं पडलं होतं. पण जमनी बोटाकडं पाहतच नव्हती. त्याची छाती चुंबकांवर टेकली होती.

"मांगं व्हा! मांगं व्हा ना!"

तो रस्त्यावर येऊन खाली बसला. छातीत धडधडत होतं. ते आपलं की यंत्राचं, त्याला कळेना.

"जमने, मले काई होऊन राह्यलं का, समजत नाई. तू बोलत राह्य."

बोटाला पदर गुंडाळून ती बोलत राहिली. सोयाबीनचं, तांड्यातल्या लग्नाचं, जे सुचेल ते. त्याला यवतमाळला नेणाऱ्या जीपमध्येही ती गप्प झाली नाही. तो 'हं' म्हणायचा थांबला तर आपल्याला कळेल, एवढंच तिच्या मनात होतं.

डॉक्टरांनी तपासलं. "चुंबक जवळ आलं की पेसमेकरची चाल बदलते, दूर गेलं की पूर्ववत होते. आता ठीक आहे."

"अन् जास्त वेळ राह्यलं असतं तर?" जमनीनं विचारलं.

"म्हणूनच लांब राहा म्हणतो."

दुसऱ्या दिवशी जमनीनं पट्ट्यांमध्ये लाकडी पाचर घालून सुटलेली पट्टी चिकटवली. गोंद वाळल्यावर सूर लावला. हिरासिंगनं रस्त्यापलीकडून ऐकलं, हात छातीवर ठेवून. आवाज स्वच्छ होता. सर स्पीकर घेऊन गेले.

अजूनही तो स्वतःच्या दुकानात थेट शिरत नाही. उंबऱ्याबाहेर थांबून विचारतो, "येऊ का आत?" जमनी टेबलावरून नजर फिरवते, उघडं चुंबक दिसलं तर मागच्या फळीवर ठेवते, आणि मग म्हणते, "या."